पाण्यातला वायू आणि कारखानदारांची सावड



आजचा विषय ऐकायला लांबचा वाटेल. तेल शुद्ध करणारे मोठे कारखाने आणि त्यांना लागणारा हायड्रोजन नावाचा वायू. हा वायू पाणी फोडून, उन्हाच्या आणि वाऱ्याच्या विजेवर काढायचा, आणि तोही चार-पाच कंपन्यांनी भागीत काढायचा, असे आता जगात बऱ्याच ठिकाणी चालले आहे. वर्तमानपत्रात त्याला 'हरित हायड्रोजन' म्हणतात. आपल्यातले जे आता वाचायला शिकले आहेत, त्यांच्या नजरेखालून हे दोन शब्द गेले असतील. "मास्तर, अक्षर लागलं पण अर्थ लागला नाही," असे काहींनी आम्हाला सांगितले. म्हणून आज त्याचाच उलगडा करू.

तुम्ही म्हणाल, रिफायनरीशी आमचा काय संबंध? संबंध आहे. ट्रॅक्टरमध्ये जाते ते डिझेल रिफायनरीतूनच येते. या नव्या वायूसाठी जो पैसा लागतो, त्यातला काही सरकारी तिजोरीतून जातो, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातून जातो. आणि उन्हाची वीज काढायला जमीन लागते. ती जमीन कारखान्याच्या आवारात मावत नाही. ती कुठल्या तरी गावाच्या शिवारात असते.

आधी रिफायनरी म्हणजे काय ते पाहू. जमिनीतून निघते ते कच्चे तेल काळे आणि दाट असते. ते तापवून त्यातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल, डांबर असे वेगवेगळे पदार्थ काढतात. मुंबईला माहूलच्या बाजूला असे दोन मोठे कारखाने 1950 च्या दशकापासून आहेत. एक आज भारत पेट्रोलियमचा, दुसरा हिंदुस्तान पेट्रोलियमचा.

या कच्च्या तेलात गंधक असते. गंधकासकट डिझेल जाळले तर त्याचा तिखट धूर होतो. तो घशाला लागतो, छातीला लागतो. म्हणून सरकारने डिझेलमध्ये गंधक किती चालेल याची मर्यादा घातली आणि ती घट्ट करत नेली. 2010 साली दहा लाख भागांत 350 भाग चालत होते. 2017 साली ते 50 वर आणले. 1 एप्रिल 2020 पासून फक्त 10 भाग. दहा लाखांत दहा! म्हणजे क्विंटलभर डिझेलमध्ये एक ग्रॅम.

आता हे गंधक काढायचे कसे? गाळून निघत नाही, निवळून निघत नाही. ते तेलाशी पक्के जोडलेले असते. तिथे हायड्रोजन कामाला येतो. तापलेल्या तेलात दाबाने हायड्रोजन सोडला की तो गंधकाला धरतो आणि तेलातून बाहेर ओढून आणतो. पुढे दुसऱ्या यंत्रात ते गंधक पिवळे धमक वेगळे होते आणि विकले जाते. नाशिक-सांगलीकडे द्राक्षबागेवर भुरी पडली की गंधक मारतात. आज जगात वापरले जाणारे बहुतेक गंधक असे तेलातून आणि गॅसमधूनच निघालेले असते. एका ठिकाणचा मळ तो दुसऱ्या ठिकाणचे औषध झाला.

तर डिझेल जितके स्वच्छ पाहिजे, तितका हायड्रोजन जास्त लागतो. आणि इथेच गोम आहे. हा हायड्रोजन आजवर बहुतेक करून नैसर्गिक गॅसपासून काढतात. गॅस आणि वाफ खूप तापवून एकत्र आणायची. हायड्रोजन मिळतो, पण एक किलोमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू हवेत साठत गेल्याने पृथ्वी तापत चालली आहे. म्हणजे एक धूर कमी करायला दुसरा धूर वाढवला. शिवाय हा गॅस आपल्या देशात पुरेसा निघत नाही. निम्म्याच्या आसपास परदेशातून येतो. तिकडे लढाई पेटली की इकडे भाव भडकतो.

म्हणून माणसाने पाण्याकडे पाहिले. पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या दोन वायूंचे बनलेले आहे. पाण्यातून वीज खेळवली तर ते दोघे वेगळे होतात. शाळेत मुलांना हा प्रयोग आम्ही दरवर्षी दाखवत असू. काचेच्या पेल्यात पाणी, त्यात चिमूटभर धुण्याचा सोडा, शिशाच्या पेन्सिलीचे दोन तुकडे दोन्ही टोकांना तासलेले, आणि बॅटरीचे सेल. तारा जोडल्या की दोन्ही शिशांवर बुडबुडे धरतात. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी. जास्त धरतात तो हायड्रोजन. पोरं अगदी नाक लावून बघत. (घरी कोणी करून पाहणार असेल तर सोड्याऐवजी मीठ घालू नका. मिठाने क्लोरीन नावाचा विषारी वायू सुटतो. आणि घरातल्या विजेच्या बोर्डातून तार कधीही आणू नका.)

कारखान्यात करतात ते हेच, फक्त पेल्याच्या जागी मोठे यंत्र असते. त्याला इलेक्ट्रोलायझर म्हणतात. आपण त्याला पाणी फोडायचे यंत्र म्हणू. ज्या विजेवर ते चालते ती उन्हाची किंवा वाऱ्याची असली तर निघालेला हायड्रोजन हरित. वायूला स्वतःचा रंग नाही, तो दिसतच नाही. हरित हे त्याच्या जन्माचे नाव आहे.

ती वीज कोळशाची असली तर? हे नीट समजून घ्या, कारण इथे फसवणूक होऊ शकते. एक किलो हायड्रोजनला सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एका किलोमागे पन्नास किलो! गॅसच्या रीतीपेक्षा पाचपट वाईट. म्हणून आपल्या सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये व्याख्याच ठरवून टाकली. एक किलो हायड्रोजनमागे वर्षाच्या सरासरीने दोन किलोपेक्षा जास्त असा वायू हवेत गेला, तर त्याला हरित म्हणायचे नाही.

ही रीत काही आजची नव्हे. पंजाबात नांगल येथे 1961 साली खताचा सरकारी कारखाना सुरू झाला. भाक्रा धरणाची वीज तेव्हा मुबलक आणि स्वस्त होती. त्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढायचे आणि त्यापासून खत करायचे. हरित हा शब्द तेव्हा कोणी वापरत नव्हते, पण काम तेच. पुढे विजेला दुसरीकडून मागणी वाढली. शेतीचे पंप आले, गावोगाव दिवे आले. पाणी फोडण्यासाठी इतकी वीज खर्चणे परवडेना, आणि तो कारखाना तेलाकडे वळला. यंत्र चांगले होते, माणसे हुशार होती, कमी पडली ती स्वस्त वीज. हे मनात ठेवा.

आता पाण्याचे. वायूसाठी पाणी जाणार म्हटल्यावर आपल्या दुष्काळी भागात पहिली शंका तीच येते, आणि यावीच. म्हणून हिशेबच करू. एक किलो हायड्रोजनला निव्वळ नऊ लिटर पाणी लागते. ते आधी अगदी शुद्ध करावे लागते, त्यात काही वाया जाते, यंत्र थंड करायला काही लागते. सगळे धरून वीस लिटर म्हणू. वर्षाला दहा हजार टन म्हणजे एक कोटी किलो वायू काढणारा कारखाना घेतला, तर वीस कोटी लिटर पाणी झाले. आकडा ऐकून छाती दडपते. पण आपला एक हेक्टर ऊस वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी पितो. म्हणजे हा सगळा कारखाना दहा हेक्टर उसाइतके पाणी पिणार. पाण्याची जागा बघून कारखाना बसवला पाहिजे हे खरेच, पण या धंद्याची मोठी भूक पाण्याची नाही, विजेची आहे.

त्याच कारखान्याला वीज किती? एक कोटी किलो गुणिले बावन्न युनिट. बावन्न कोटी युनिट. एवढी वीज नुसत्या उन्हावर काढायची तर तीनशे मेगावॅटच्या आसपास सौर पॅनेल लागतील, आणि मेगावॅटला चार एकर धरले तर बाराशे एकर जमीन. आता कळले ना, गावाचा संबंध कुठे येतो ते?

एवढे मोठे काम एकट्याने होत नाही. आपल्याकडे सावड करतात. एकाकडे बैल, दुसऱ्याकडे नांगर, तिसऱ्याच्या घरी चार माणसे. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. इथेही तसेच. रिफायनरीला वायू लागतो, पण पाणी फोडायची यंत्रे तिला बनवता येत नाहीत. यंत्र बनवणाऱ्याकडे वीज नाही. वीज काढणाऱ्याला गिऱ्हाईक पाहिजे. आणि या सगळ्यांना पैसा देणारा कोणी तरी लागतो, तो बहुधा सरकार असतो. म्हणून हे एकत्र बसतात.

आणि ते रिफायनरीच्याच दारात का बसतात? कारण हायड्रोजन हे मोठे अवघड जनावर आहे. सगळ्या वायूंत हलका. साध्या दाबाला एक किलोला बारा हजार लिटरच्या आसपास जागा लागते. पाणी वाहून आणतो तो मोठा टँकर भरला तर आत एक किलो! लांब न्यायचा तर फार दाबावा लागतो नाही तर फार गार करावा लागतो, आणि दोन्हीला खर्च. गळती झाली तर दिसत नाही, वास येत नाही, आणि पेटला तर दिवसाउजेडी त्याची ज्योतही दिसत नाही. रिफायनरीतली माणसे हा वायू कित्येक वर्षे हाताळतात. नळ आहेत, पहारा आहे, सवय आहे. गिऱ्हाईक अंगणातच उभे आहे. नव्या धंद्याला यापेक्षा बरी जागा कोणती?

पण सावड जमते तशी मोडतेही. जर्मनीतली तीन उदाहरणे सांगतो.

पहिले वेसलिंगचे. ऱ्हाईन नदीकाठी कोलोन शहराजवळ शेल कंपनीची रिफायनरी आहे. तिथे शेलने इंग्लंडची यंत्रे बनवणारी आयटीएम पॉवर ही कंपनी आणि आणखी काही जोडीदार बरोबर घेतले. युरोपच्या संघाने एक कोटी युरो मदत दिली. यांनी एकदम मोठी उडी मारली नाही. दहा मेगावॅटचे यंत्र बसवले आणि जुलै 2021 मध्ये ते सुरू केले. वर्षाला तेराशे टनांपर्यंत वायू निघेल असे. तीन वर्षे ते चालवून त्याच्या खोडी ओळखल्या आणि मग जुलै 2024 मध्ये दहापट मोठे, शंभर मेगावॅटचे यंत्र बांधायचा निर्णय घेतला. आमच्या मते ही शहाण्या शेतकऱ्याची चाल. नवे बी आधी वाफ्यात, मग रानात.

दुसरे हाइडेचे. हे गाव जर्मनीच्या उत्तरेला, समुद्राच्या बाजूला आहे. तिकडे वारा भरपूर. तिथे 2020 साली दहा जणांची मोठी सावड जमली. हाइडेची रिफायनरी, डेन्मार्कची ऑर्स्टेड ही वाऱ्याची वीज काढणारी कंपनी, फ्रान्सची वीज कंपनी, यंत्रे बनवणारी कंपनी, सिमेंटवाले, गॅसचे नळ टाकणारे, गावची नगरपालिकेची कंपनी, शिवाय कॉलेजसुद्धा. बेत फार सुरेख होता. तीस मेगावॅटचे यंत्र. हायड्रोजन रिफायनरीला. ऑक्सिजन सिमेंटच्या भट्टीला. थोडा वायू गावातल्या चुलींच्या गॅसमध्ये मिसळायचा. उरलेली ऊबसुद्धा वाया घालवायची नाही. जर्मन सरकारने तीन कोटी युरोची मदत कबूल केली. तीन वर्षे नकाशे झाले, हिशेब झाले. मधल्या काळात युक्रेनची लढाई सुरू झाली, यंत्रांचे भाव चढले, व्याज चढले. आणि नोव्हेंबर 2023 मध्ये यंत्र चालवणाऱ्या भागीदारांनी सांगितले की आता हे परवडत नाही, आम्ही पैसा घालत नाही. झाले, काम तिथेच थांबले.

कोणी लबाडी केली म्हणून हे मोडले नाही. पीक चांगले आले तर प्रत्येकाने काय घ्यायचे हे सगळे बोलले होते. पण खर्च वाढला तर वरचा रुपया कोणी घालायचा, असा प्रश्न आला तेव्हा हात पुढे करणारा कोणी निघाला नाही. भागीत विहीर खणणाऱ्यांना हे आम्ही समजावून सांगायला नको. पाणी लागेपर्यंत सगळे भाऊ असतात. खडक लागला की एकेकाला तालुक्याला काम निघते.

तिसरे उदाहरण लिंगेनचे, तेही जर्मनीतच. नोव्हेंबर 2020 मध्ये बीपी ही तेल कंपनी आणि तीच ऑर्स्टेड यांनी मिळून पन्नास मेगावॅटचे यंत्र बसवायचे ठरवले. पुढे ऑर्स्टेड बाहेर पडली. इथे मात्र काम बुडाले नाही. रिफायनरी बीपीची, वायू लागणार तिलाच. ती एकटी उभी राहिली, सरकारची मदत मिळाली, आणि डिसेंबर 2024 मध्ये पन्नासच्या जागी शंभर मेगावॅटचा पक्का निर्णय झाला. जोडीदार गेला तरी ज्याला माल लागतो तो जागेवर होता.

चीनचे थोडक्यात सांगतो, कारण तिथे मालक एकच, सिनोपेक ही सरकारी कंपनी. शिनजियांग प्रांतात कुचा येथे तिने 2023 साली वर्षाला वीस हजार टनांचा कारखाना सुरू केला. वायू जवळच्या ताहे रिफायनरीला. पण ऊन वर-खाली होते तशी वीजही होते, आणि कमी विजेवर यंत्रे नीट चालेनात. पहिली काही वर्षे ठरल्यापेक्षा कमीच माल निघाला. माध्यान्हीच्या उन्हाचा हिशेब रात्री लागू पडत नाही, असे म्हणा हवे तर.

आता आपल्या देशात येऊ. 4 जानेवारी 2023 रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. 19,744 कोटी रुपये ठेवले. 2030 पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन वायू काढायचा असे उद्दिष्ट धरले. त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारनेही आपले वेगळे धोरण केले आणि 8,562 कोटींची तरतूद सांगितली.

या सगळ्यात रिफायनरीच्या दृष्टीने मोठे काम निघाले ते पानिपतला. हो, तेच पानिपत. 1761 सालच्या जानेवारीत जिथे आपली एक पिढी कापली गेली, ज्याच्यावरून अजून बायाबापड्या मोठ्या नुकसानीला 'पानिपत झालं' म्हणतात, ते. तिथे आज इंडियन ऑइलची रिफायनरी आहे. 1998 साली सुरू झाली. वर्षाला दीड कोटी टन तेल शुद्ध करते.

एप्रिल 2022 मध्ये इंडियन ऑइल, मुंबईची लार्सन अँड टुब्रो आणि उन्हा-वाऱ्याची वीज काढणारी रिन्यू, अशा तिघांनी मिळून हरित हायड्रोजनसाठी कंपनी काढायचे जाहीर केले. तेल कंपनीकडे गिऱ्हाईक, लार्सनकडे बांधकाम आणि यंत्रे, रिन्यूकडे वीज. सावड अगदी ठाकठीक. मग पानिपतसाठी दहा हजार टनांचे टेंडर निघाले, आणि वाद पेटला. इतर कंपन्यांच्या संघटनेने दिल्लीच्या हायकोर्टात तक्रार नेली. म्हणणे असे की, माल घेणाराच एका भागीदार कंपनीत बसलेला, आणि टेंडरच्या अटी तिच्याच सोयीच्या. बाकीच्यांनी बोली लावायची तरी कशी? 2024 साली ते टेंडर मागे घेतले आणि नव्याने काढले.

आम्हाला विचाराल तर हा वाद झाला ते बरे झाले. सोसायटीचा चेअरमन आपल्याच मेव्हण्याच्या दुकानातून खत घेऊ लागला तर खत चांगले असले तरी गाव विचारणारच. सावड चांगली, पण सावडीतल्यांनीच भाव ठरवायचा आणि सावडीतल्यांनीच घ्यायचा, यात तिजोरीचे भले होतेच असे नाही.

नव्या टेंडरात 2025 साली काम मिळाले ते लार्सनच्याच एका उपकंपनीला, पण या वेळी खुल्या बोलीत. भाव निघाला किलोला 397 रुपये. व्यवहार असा. कारखाना लार्सनने आपल्या पैशाने बांधायचा, आपल्या मालकीचा ठेवायचा, आपणच चालवायचा, आणि पंचवीस वर्षे वायू रिफायनरीला पुरवायचा. खडक लागला तर कोणाचा, हे इथे आधीच लिहिले गेले. बांधकामाचा धोका बांधणाऱ्याचा. माल घेण्याचा शब्द रिफायनरीचा. असा पंचवीस वर्षांचा शब्द हातात असला की बँकही कर्ज देते. हाइडेला जे झाले नाही ते इथे कागदावर झाले.

कागदावर म्हणतो, कारण पुढचे काम सोपे नाही. लार्सनने 2022 साली सुरतजवळ हजिऱ्याला जो पहिला छोटा कारखाना केला, तो दिवसाला 45 किलो वायू काढायचा. विशाखापट्टणमच्या रिफायनरीत हिंदुस्तान पेट्रोलियमने बसवला तो वर्षाला 370 टनांचा, म्हणजे दिवसाला हजारभर किलो. आणि पानिपतला दिवसाला सत्तावीस हजार किलो काढायचे आहेत. हजिऱ्याच्या सहाशे पट.

आता शेवटी पैशाचे बोलू. गॅसपासून काढलेला हायड्रोजन, गॅसच्या भावाप्रमाणे, किलोला दीडशे ते दोनशे रुपयांच्या आसपास पडतो. हा 397. फरक दोनशे-अडीचशेचा. एक कोटी किलोला वर्षाचे दोनशे-अडीचशे कोटी झाले. बाप रे, म्हणाल. पण दुसऱ्या बाजूने बघा. ही रिफायनरी वर्षाला दीड कोटी टन तेल घेते, म्हणजे पंधराशे कोटी किलो. त्यावर हा फरक पसरला तर किलोमागे पंधरा पैशांच्या आसपास येतो. त्याच्या बदल्यात वर्षाला ऐंशी-नव्वद हजार टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचेल, आणि तेवढा परदेशी गॅस आणावा लागणार नाही. मात्र हेही लक्षात घ्या की दहा हजार टन हा त्या रिफायनरीच्या गरजेचा एक हिस्साच आहे. सगळा वायू असा घ्यायचा तर पंधरा पैसे कितीतरी पट होतील. त्या वेळी ते कोणी सोसायचे, तेल कंपनीने, सरकारने की पंपावर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याने, याचा कायमचा निवाडा अजून झालेला नाही.

भाव उतरायचा तर कशाने उतरेल? विजेने. युनिट चार रुपयांनी धरा. बावन्न युनिटांचे दोनशे आठ रुपये झाले. म्हणजे 397 मधले निम्म्याहून जास्त वीजच खाते. युनिट एक रुपयाने उतरले की वायू किलोला बावन्न रुपयांनी उतरतो. पॅनेल गेल्या पंधरा वर्षांत खूप स्वस्त झाले म्हणून हे बोलणे तरी शक्य झाले आहे. दुसऱ्या राज्यातून वीज आणताना तारांचा जो आकार पडतो, तो अशा कारखान्यांना माफ करण्याची सवलतही सरकारने ठेवली आहे. पण तारांचा खर्च नाहीसा होत नाही. एकाला माफ केला की तो दुसऱ्या कोणाच्या बिलात जातो. हेही विचारले पाहिजे.

आणि विजेसाठी जमीन लागते हे वर सांगितलेच. अशा कामाला जमीन मागायला कोणी आपल्या गावात आले, तर तो बहुधा मोठ्या कंपनीचा माणूस नसतो, मधला दलाल असतो. भाडेपट्टा वीस-पंचवीस वर्षांचा असतो. तो मराठीत मागा आणि स्वतः वाचा. आता वाचता येते ना? दरवर्षी भाडे किती वाढणार, कंपनी मध्येच बुडाली तर पॅनेल कोणी उचलायचे, बांधावरची वाट चालू राहणार का, गुरे कुठून जाणार, विहिरीवर हक्क कोणाचा, हे पाच प्रश्न तोंडी नाही, कागदावर पाहिजेत. लार्सन आणि इंडियन ऑइल इतकी वर्षे धंद्यात मुरलेली, तरी त्यांनी एकमेकांच्या तोंडी शब्दावर पंचवीस वर्षे सोडली नाहीत.

मागे बसलेल्या मंडळींतून मघाशी कोणी तरी विचारले की मोटार पाण्यावर चालेल का. नाही, बाबा. पाणी हे जळून झालेल्या हायड्रोजनची राख आहे. राख पुन्हा जळत नाही. तिला पुन्हा लाकूड करायला आधी वीज ओतावी लागते, आणि ओततो तितकी परत मिळत नाही. पाण्यावर मोटार चालवतो म्हणून कोणी यंत्र विकायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एका ताईंनी विचारले आहे की पोरांना यात काम मिळेल का. पाणी फोडायच्या यंत्राजवळ माणसे थोडीच लागतात. बांधताना मात्र पुष्कळ लागतात. फिटर, वेल्डर, वायरमन, नळाचे जोड तपासणारे. हायड्रोजन इतका बारीक की पाण्याला न सापडणारी फट त्याला सापडते, म्हणून जोडकाम अगदी चोख असावे लागते. आयटीआयला वेल्डिंग शिकणाऱ्या पोराने दाबाच्या नळाचे जोड शिकून घ्यावेत, त्या हाताला रिफायनरीत किंमत आहे.

खताविषयीचे प्रश्न बरेच आलेले दिसतात. युरियातही हायड्रोजन लागतो आणि तोही आज गॅसपासूनच येतो. पण त्याचा हिशेब वेगळा आहे, तो पुढच्या बैठकीला घेऊ. जमिनीच्या भाडेपट्ट्याचा कागद ज्यांच्याकडे आधीच आला असेल, त्यांनी तो बरोबर घेऊन यावा.